मचवा भरू लागला तेव्हा

वाचन : मार्क ४:३५-४१



वादळाचा हा धडा आम्ही शब्बाथ शाळेत निदान वीस वेळा तरी शिकवला असेल. फळ्यावर निळ्या खडूने लाटा काढाव्यात, मध्ये मचवा, मचव्यात निजलेले प्रभू येशू. आणि शेवटी मुलांनी हात उंच करून वाऱ्याला गप्प करावे. खिडक्या बंद, पंखा चालू. मुले आनंदाने घरी जात आणि आम्हीही समाधानाने खडूचे हात धूत असू. वादळाविषयी आपण काही शिकवतच नाही, हे आमच्या ध्यानात यायला शाहपुऱ्याची टेकडी चढावी लागली.

भोपाळात मराठी ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. कोणी भेलच्या कारखान्यासाठी आले, कोणी रेल्वेत, कोणी शिक्षिका वा परिचारिका म्हणून. आम्ही स्वतः पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले. इथली आमची मुले घरात मराठी, अंगणात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात, व घाबरली म्हणजे तिन्ही एकदम. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवसांची पवित्र शास्त्र शाळा भरते. गेल्या जूनमध्ये तिचा विषय होता ‘निर्माणकर्ता देव’. शेवटच्या दिवशी मुलांना उत्पत्तीचा पहिला अध्याय उघड्यावर वाचून दाखवावा असे ठरले. पहिली ते चौथीतील चौदा मुले, मदतीस मंडळीतील दोन भगिनी आणि आम्ही, असे दुपारी चार वाजता शाहपुरा तलावाकडे निघालो.

तलावाच्या पाण्याला वास येतो हे मुलांनी सर्वांत आधी जाहीर केले. ते खरेच आहे. वस्तीचे सांडपाणी त्यात येते, आणि निर्माणकर्त्याच्या पाठाबरोबर हा पाठही झाला ते बरेच झाले. तरीही पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, बगळे होते, एक खंड्याही दिसला. प्रत्येकाने तीन निराळी पाने व एक दगड जमवायचा होता. टेकडीवर पोचेपर्यंत मुलांचे खिसे फाटायला आले होते. आम्ही अध्याय काढून वाचायला लागलो आणि पश्चिमेकडचे आभाळ तांबूस तपकिरी झाले.

भोपाळात मोसमी पाऊस साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो. त्याच्या आधी जी येते तिला इथले लोक ‘आंधी’ म्हणतात. आधी धूळ, मग सुकी पाने आणि प्लास्टिकच्या पिशव्या, मग बोटाएवढे जाड थेंब. आमच्या हातातील शास्त्राची पाने फडफडून फाटायला लागली. पहिली वीज चमकली तेव्हा आम्ही जे कोणीही केले असते तेच केले : मुलांना एका मोठ्या एकट्या झाडाखाली गोळा केले, डोळे मिटायला सांगितले आणि एक्याण्णवावे स्तोत्र मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

तिसरीतल्या एका मुलीने आमचा सदरा ओढला. “काका, पेड़ के नीचे नाही. झाडाखाली नाही थांबायचं. टीचरनी सांगितलंय, बिजली झाडावर पडते.”

“आधी प्रार्थना, मग बोलू,” आम्ही म्हणालो.

ती रडू लागली. पण रडतानाही झाडापासून चार पावले दूर जाऊन पावसात उभी राहिली आणि काही केल्या परत येईना. तेवढ्यात आमच्या दोघी भगिनींपैकी एकीने सर्वांत लहान दोघांना उचलले आणि ‘आमेन’ची वाट न पाहता ती उतारावरून चालू लागली. मेंढरे तिच्यामागे गेली. मेंढपाळ सर्वांच्या शेवटी गेला.

खाली वसाहतीतील एका इमारतीच्या जिन्यात आम्ही सारे शिरलो. पहिल्या मजल्यावरच्या एका मुसलमान भगिनीने दार उघडले, चौदा ओली मुले पाहिली, आणि ‘अरे बच्चों’ एवढेच म्हणून घरातले सगळे पंचे बाहेर आणले. मागून चहा आणि बिस्किटे आली. आम्ही कोण, कुठले, हे तिने विचारले ते पाऊण तासाने, निरोप घेताना.

त्या झाडावर वीज पडली का? नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिले. झाड जसेच्या तसे उभे आहे. हे लिहिले नाही तर आमची साक्ष अधिक उठावदार होईल, पण खरी राहणार नाही.

घरी आल्यावर ओले शास्त्र पंख्याखाली वाळत ठेवले आणि मत्तय ४ पाशी आम्ही थबकलो. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे केले आणि उडी टाकण्यास सुचविले, तेव्हा त्याने आधारासाठी कोणते वचन पुढे केले? तेच एक्याण्णवावे स्तोत्र. देवदूत तुला झेलतील, असा त्याचा भावार्थ. आणि प्रभूने स्तोत्र नाकारले नाही; त्या स्तोत्राच्या नावावर उडी टाकणे नाकारले. वाचकहो, ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना या उताऱ्यावर आम्ही आठ पाने लिहून चांगले गुण मिळवले होते. परंतु विजा कडाडत असता एकट्या झाडाखाली ते स्तोत्र म्हणणारे आपण कोणाच्या शेजारी उभे आहोत, हे मात्र तिसरीतल्या मुलीने दाखवावे लागले. तिच्या शाळेतील शिक्षिकेने दिलेले ज्ञान हीही देवाचीच देणगी नव्हे काय? मध्य प्रदेशात वीज पडून दर वर्षी पुष्कळ माणसे दगावतात. देशात या बाबतीत आपले राज्य वरच्या क्रमांकांत असते. त्यांतले कित्येक शेतात काम करणारे असतात व झाडाच्या आसऱ्याला गेलेले असतात. त्यांतले प्रार्थना करणारे कमी असतील असे आम्हाला वाटत नाही.

आता या गोष्टीचा कठीण भाग.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर एक आजीबाई आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आठ वर्षांचा नातू त्या चौदांत होता. “मास्तर, तुमची सहल तुमच्याजवळ ठेवा. माझं पोर पुन्हा वाऱ्यात पाठवायची नाही.” आम्ही प्रभूच्या संरक्षणाविषयी काही बोलू लागलो, तो त्या निघूनही गेल्या. कमिटीतही दोघांचे मत पडले की मुलांना बाहेर नेणे बंद करावे. आम्हाला मनातून राग आला. एवढ्याशा पावसाचे एवढे काय, असे घरी बोलूनही दाखविले.

आठवड्याने त्यांच्या घरी गेलो. आजीबाईंनी पाणी दिले आणि मग जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने, नावाशिवाय लिहितो. १९८४ साली त्या रेल्वेच्या वसाहतीत राहत होत्या. २ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर खोकत जागे झालेले सारे लोक वाऱ्याबरोबर पळत सुटले, कारण वारा कुठून वाहतो हे पाहण्याचे भान कोणाला होते! धाकटी मुलगी त्यांच्या कडेवर होती, थोरली हात धरून चालत होती. तो वायू हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरपटत आला. थोरली चार दिवसांनी गेली. “उंचीचा फरक, मास्तर,” आजीबाई म्हणाल्या, “दुसरं काही नाही.” कडेवरची वाचली, आणि तिचाच हा मुलगा. चाळीस वर्षे झाली; वारा सुटला की त्या अजूनही खिडक्या लावतात आणि उंबऱ्यापाशी ओले कापड घालतात.

आम्ही गेलो होतो ते उपदेशक ११:४ घेऊन. वाऱ्याचा रंग पाहत बसणाऱ्याच्या हातून पेरणी व्हायची नाही, असा त्याचा अर्थ. वचन खरे आहे. परंतु ते त्या घरात उच्चारण्याचे धाडस आम्हाला झाले नाही, आणि झाले नाही याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो.

त्या रात्री मार्काचा उतारा पुन्हा वाचला. गालील समुद्राची पातळी सागरापेक्षा सुमारे २१० मीटर खाली आहे आणि भोवती डोंगर. थंड वारा उतारावरून कोसळतो आणि पाणी बघता बघता उसळते. १९८६ साली, पाणी आटले असता, त्याच्या काठच्या चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक मचवा सापडला. लांबी आठ मीटरांच्या आसपास, रुंदी सव्वादोन मीटर. आमची शब्बाथ शाळेची खोली याहून मोठी आहे! असल्या मचव्यात शिष्य होते, आणि त्यांतले निदान चौघे त्याच पाण्यावर वाढलेले कोळी. त्यांचे भय अज्ञानाचे नव्हते. ते जाणकारांचे भय होते. आजीबाईंचे भयही तसेच आहे. त्यांना वारा ठाऊक आहे.

आणि पाहा, पलीकडे जाण्याची आज्ञा प्रभूचीच होती. वादळ नसलेल्या वाटेने त्याने त्यांना नेले नाही; पण काठावर उभे राहून, तुम्ही जा, असेही तो म्हणाला नाही. तो त्याच मचव्यात होता. शिष्यांनी त्याला उठविले ते शब्द काही आदराचे नव्हते. आम्ही मरतो याची तुला पर्वा नाही का, असा तो जाब होता. प्रभूने आधी वाऱ्याला धमकाविले आणि मग शिष्यांना विश्वासाविषयी विचारले. आम्ही आजीबाईंच्या बाबतीत नेमके उलटे करू पाहत होतो. वारा तसाच, आणि प्रश्न आधी.

येथे आम्हाला पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचे सारे बालपण वाटेवर गेले. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत ऊन, पाऊस, उपास सोसत त्या वाढल्या. आईवडील गेल्यावर भावाबरोबर पायी हिंडत असता झेलमच्या काठी थंडीने जीव जाण्याची वेळ आली, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली, असे त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे. ख्रिस्ताची ओळख त्यांना अद्याप व्हायची होती. मुक्ती मिशनमधील दुष्काळग्रस्त मुलींच्या अंगावर पांघरूण घालणारा हात आधी त्या वाळूत गाडून घेतलेला होता, हे आम्ही व्यासपीठावरून फारसे सांगत नाही.

असो. त्या सहलीनंतरच्या वर्गात आम्ही मुद्दाम वादळाचाच धडा घेतला. फळा नाही, खडू नाही, नुसते वाचले. लाटा मचव्यात शिरत होत्या, हे वाक्य झाले आणि आजीबाईंच्या नातवाने हात वर केला.

“काका, मग येशू भिजला होता?”

आम्ही गप्प झालो.

“म्हणजे, तो झोपला तेव्हाच भिजला असेल ना? त्याला थंडी वाजली असेल. आपण जिन्यात बसलो तेव्हा मला खूप वाजली.”

वीस वेळा शिकवला हा धडा! हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही, आणि आम्हालाही सुचला नाही. ज्याची चड्डी आठ दिवसांपूर्वी भिजली होती त्यालाच तो सुचला. होय, भिजला होता, आम्ही म्हटले. नक्की भिजला होता. त्यावर झाडाखालून पळालेल्या मुलीने सांगितले की मग त्याला टॉवेल द्यायला ती आंटी पाहिजे होती. सगळी मुले हसली.

कमिटीपुढे आम्ही चूक कबूल केली. सहली बंद झाल्या नाहीत, पण आता वेधशाळेचा अंदाज पाहून जातो, जवळची पक्की इमारत आधी हेरून ठेवतो, आणि गडगडाट ऐकला की कार्यक्रम जेथे असेल तेथे थांबतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडत नाही. मुलांना आणखी एक गंमत शिकविली आहे. वीज दिसली की अंक मोजायचे. दर तीन सेकंदांना वीज एक किलोमीटर दूर. एकोणतिसाव्या स्तोत्रात मेघगर्जनेला परमेश्वराची वाणी म्हटले असून तो शब्दप्रयोग सात वेळा येतो. मुले तेही मोजतात, आणि दोन्ही हिशेबांचा घोळ घालतात.

ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप पाहून पुन्हा शाहपुऱ्याला निघालो. यादीत आजीबाईंच्या नातवाचे नाव नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. फाटकापाशी मुले मोजत असता रिक्षा थांबली. आजीबाई त्याला घेऊन उतरल्या. अंगात रेनकोट, पाठीवर दप्तर, दप्तरात पंचा, कोरडे कपडे आणि चपातीचा रोल. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिले, मग आमच्याकडे.

“वारा सुटला तर फोन करा,” त्या म्हणाल्या. थोडे थांबून रिक्षावाल्याला पैसे दिले आणि त्याला जायला सांगितले. “नाहीतर असं करते, मी खालीच बसते. त्या जिन्यात.”