गोष्ट कुठे थांबते?



मुलांना मराठीच्या पेपरात कथेतील पात्रे, प्रसंग, संवाद, प्रतीके आणि शेवट यांवर प्रश्न असतात. मुले मार्कांसाठी ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. शुभवर्तमान मात्र आपण याच डोळ्यांनी क्वचितच वाचतो. आम्ही धर्मगुरूही गोष्ट पुरती ऐकवण्याआधीच तिचा बोध सांगायची घाई करतो!

लूककृत शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय उघडा. ज्याला आपण 'उधळ्या पुत्राचा दाखला' म्हणतो, त्याचे हे शीर्षक लूकने दिलेले नाही, ते मागाहून आले. गोष्टीची सुरुवात एका माणसाला दोन मुलगे होते अशी आहे. शीर्षकामुळे आपले लक्ष धाकट्यावर खिळते आणि थोरला नजरेआड होतो. प्रभू येशू हे सांगतो कोणाला? पापी लोकांबरोबर तो जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परुशी आणि शास्त्री लोकांना. आधी शंभर मेंढरांतले एक हरवते, मग दहा नाण्यांतले एक, मग दोन मुलांतला एक. आकडा लहान होत जातो आणि तोटा मोठा.

आता संवाद पाहा. डुकरांमागे फिरणारा धाकटा (यहुदी श्रोत्याला डुकरे म्हटल्यावर आणखी काही सांगावे लागत नव्हते) परत जाऊन काय बोलायचे ते मनात जुळवतो: मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. वडिलांसमोर तो पहिली दोन वाक्ये म्हणतो. तिसरे मात्र त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण वडील चाकरांना झगा, अंगठी आणि वहाणा आणायला सांगत असतात. अनवाणी चाकर असतात. वडिलांनी वहाणा मागवल्या तेव्हाच मजुरीचा विषय संपला होता. त्या तिसऱ्या वाक्याची गैरहजेरी आपण किती वेळा ऐकली, पण लक्षात घेतली का?

थोरल्याचे बोलणे तर अधिक बारकाईने ऐकावे. तो 'भाऊ' हा शब्द उच्चारत नाही, वडिलांना म्हणतो की हा तुमचा मुलगा. वडील उत्तर देताना तो शब्द हळूच बदलून त्याच्या हाती परत देतात आणि आलेला त्याचा भाऊ आहे याची आठवण देतात. धाकट्याने पैसा वेश्यांवर उडवला असेही थोरलाच म्हणतो. निवेदकाने तसे कुठेच म्हटलेले नाही, फक्त चैनीत उडवला एवढेच सांगितले आहे. वेश्या थोरल्याने जोडल्या. आपणही नात्यातल्या माणसाविषयी बोलताना असे काही पदरचे घालतोच ना? शिवाय इतकी वर्षे गुलामासारखा राबलो, असे तो सांगतो. धाकटा मजूर व्हायला आला होता आणि थोरला घरात राहून स्वतःला गुलामच समजत होता. वडिलांना मुलगे दोन, पण मुलगा म्हणून वागायला एकही तयार नाही.

आपल्याच धर्मग्रामातील एका घरी मागच्या उपवासकाळात मी हा दाखला वाचला. धाकट्या भावाने आपल्या वाट्याची वाडी विकली, पैसे धंद्यात घालवले. थोरल्याने आजारी आईचे सारे केले. दोघांत अकरा वर्षे बोलणे नाही. आईच्या मातीलासुद्धा ते चर्चच्या दोन बाजूंना उभे होते. थोरल्याची बाजू खोटी आहे असे मला म्हणवत नाही. तो राबला, हे खरेच आहे. दाखल्यातले वडीलही थोरल्याला खोटे पाडत नाहीत, त्याची समजूत काढायला स्वतः अंगणात येतात.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "फादर, मग मोठा आत गेला की नाही?"

मी म्हटले, "लूकने लिहिलेले नाही."

"असे कसे? गोष्ट पुरी नको करायला?"

मी काही बोललो नाही. टेबलावर पुतणीच्या लग्नाची पत्रिका पडली होती. त्यांनी ती उचलली, तारीख वाचली आणि पत्नीला हाक मारून विचारले की त्या दिवशी आपले दुसरे कुठे जायचे ठरले आहे का.