आवरण आणि आभरण



संस्कृतात दोन शब्द कानाला अगदी जवळचे वाटतात, पण अर्थाने ते दूर आहेत. एक 'आवरण' आणि दुसरा 'आभरण'. 'वृ' धातूपासून आवरण झाले. झाकणे, राखणे हा त्याचा अर्थ. 'भृ' धातूपासून आभरण झाले. अंगावर धारण करावयाचा अलंकार हा त्याचा अर्थ. गुरू, लिंग, जंगम, पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष आणि मंत्र या आठांना आपण अष्टावरण म्हणतो, अष्टाभरण म्हणत नाही. जे आपल्याला राखते ते आवरण आणि जे चारचौघांत मिरवायचे ते आभरण, एवढा भेद या एका शब्दात साठवलेला आहे. आपल्या कपड्यालत्त्यात, दागदागिन्यात, लग्नकार्यात आणि घरातल्या कलाकुसरीत हा भेद कसा ओळखावा, याचा आज विचार करू.

निमित्त उज्जैनचे आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणात महाराष्ट्रातून जी मंडळी ओंकारेश्वर-महाकालेश्वराच्या यात्रेला जातात, त्यांत आपल्या समाजाचीही पुष्कळ असतात. उज्जैन मराठी माणसाला परके नाही. आजचे महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी पुन्हा उभारले. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक' या नव्या परिसराचे लोकार्पण झाले. पुढे २०२८ मध्ये सिंहस्थ आहे. तरुण मुले तिथून परत येतात ती छातीवर 'महाकाल' छापलेले कुडते घालून, कोणी दंडावर त्रिशूळ गोंदवून. मग आईवडील मठात येऊन विचारतात, "महाराज, ही भक्ती म्हणावी की फॅशन?"

प्रश्न रास्त आहे. पण पोरांना रागावण्यापूर्वी त्या देवाचाच पोशाख नीट पाहू या.

पहाटे चारच्या सुमारास महाकालाची भस्म आरती सुरू होते. प्रथम जलाभिषेक, पंचामृत. मग चंदन, भांग, सुकामेवा यांचा शृंगार. किती नाजूक कलाकुसर! पुजाऱ्याच्या बोटांतून पाषाणावर डोळे उमटतात, मिशा उमटतात. इतके झाल्यावर लिंगावर वस्त्र पांघरतात आणि महानिर्वाणी आखाड्याचे साधू कापडाच्या पुरचुंडीतून भस्म उधळतात. तेवढ्या वेळात स्त्रिया पदराने मुख झाकून घेतात. भस्म झाले की पुन्हा रुपेरी मुकुट, रुद्राक्षमाळा, फुले. आधी शृंगार, मध्ये राख, पुन्हा शृंगार, असा हा क्रम आहे. नटण्याला तिथे मनाई नाही. मात्र नटण्याच्या मधोमध राखेची आठवण ठेवलेली आहे. ज्याला ही राख आठवते त्याने खुशाल नटावे. जो ती विसरला, त्याचे नटणे त्यालाच गिळते.

याच ठिकाणची दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. वर्षानुवर्षांच्या अभिषेकांनी, लेपांनी आणि घासण्याने लिंगाच्या पाषाणाची झीज होत आहे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. पुरातत्त्व आणि भूगर्भ विषयांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. अभिषेकाला शुद्ध केलेले पाणी वापरावे, भस्म आरतीच्या वेळी लिंग कोरड्या सुती वस्त्राने झाकावे, असे उपाय २०१७ मध्ये ठरले. भक्तांनी लिंग घासू नये, असे १ सप्टेंबर २०२० च्या निकालात सांगितले गेले. सद्भक्तहो, यातला बोध पाहा. भक्ती खरी होती, शृंगार सुंदर होता, तरी ज्याला सजवायचे तोच झिजू लागला. तेव्हा कोणत्याही शृंगाराला एकच कसोटी लावावी: हा जपतो की झिजवतो? जपत असेल तर ते आवरण. झिजवत असेल तर सोन्याचे असले तरी ते ओझेच होय.

ही कसोटी घेऊन आता त्या तरुणांकडे वळू. उज्जैनच्या रस्त्यावर दहा-पाच रुपयांत कपाळावर साच्याने त्रिपुंड्र उमटवून देणारी मुले उभी असतात. यात्रेकरू हौसेने कपाळ पुढे करतात, लगेच फोटो काढतात, संध्याकाळी तोंड धुतले की सगळे पुसले जाते. आपल्या घरात विभूती हे अष्टावरणांपैकी एक आहे. तीन बोटांनी रोज स्वतः लावायची, लावताना देहाचे भस्म होणे आठवायचे, हा आपला आचार. साच्याचे त्रिपुंड्र पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलाने उज्जैनला पैसे देऊन ते उमटवून घेतले, त्याला उद्या सकाळी घरच्या विभूतीच्या डबीपाशी बसवा. त्याच्या हौसेला दारातून हाकलू नका, तिला देवघरापर्यंत घेऊन या. फॅशन ही पुष्कळदा वाट चुकलेली श्रद्धा असते.

उज्जयिनी म्हटले की आपल्याला आणखी एक गाव आठवते. पंचपीठांच्या परंपरेतील उज्जयिनी पीठाचे आजचे स्थान कर्नाटकात, विजयनगर जिल्ह्यात कोट्टूरजवळ आहे. तिथल्या मरुळसिद्धेश्वराच्या देवळाविषयी कन्नड लोकांत एक म्हण आहे. तिचा भाव असा, की हंपी बाहेरून पाहावी आणि उज्जिनी आतून पाहावी. त्या देवळातली कोरीव कामाची श्रीमंती आत गेल्यावाचून कळत नाही. महात्मा बसवेश्वरांनी देहालाच देऊळ म्हटले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. या देहाचे देऊळ कोणत्या घाटाचे असावे? हंपीप्रमाणे बाहेरून दिपवणारे असले तरी हरकत नाही, पण आत शिरणाऱ्याला उज्जिनी सापडली पाहिजे.

आता कपड्याविषयी. उज्जैनला लागून, कालभैरवाच्या देवळाजवळ भैरवगढ नावाची वस्ती आहे. तिथले छिपा कारागीर बाटिकचे छापकाम करतात. त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढतात. मग कापड थंड रंगात बुडवतात, कारण रंग ऊन असला तर मेण सुटेल. जिथे मेण आहे तिथे रंग चढत नाही. पुन्हा मेण, पुन्हा अधिक गडद रंग. शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवले की नक्षी उघडी पडते. मेणाला पडलेल्या भेगांतून रंग आत झिरपतो आणि बारीक शिरांसारख्या रेषा उमटतात. एकीसारखी दुसरी रेषा कधी येत नाही.

नियमाचे कामही असेच आहे. लिंगपूजा, विभूती, शाकाहार, व्यसनापासून दूर राहणे हे मेण होय. जगाच्या रंगात बुडी मारावीच लागते. संसारी माणसाला ती चुकत नाही. पण जिथे नियमाचे मेण आहे, तेवढी जागा शुभ्र राहते. बुडीच्या वेळी ती दिसत नाही, आयुष्याच्या शेवटच्या उकळीत दिसते.

त्या कापडाकडे आणखी एका दृष्टीने पाहा. यंत्रावर छापलेले तशाच नक्षीचे कापड बाजारात स्वस्त मिळते. लांबून फरक कळत नाही. फरक आहे तो कायकाचा. एका कापडामागे कुणाचा तरी भाजलेला हात आणि वाकलेली पाठ आहे. आपल्या शरणांत विणकर होते, बुरूड होते, चर्मकार होते, नावाडी होते. अनुभवमंटपात त्यांना त्यांच्या कामासकट मान होता. मेदार केतय्या बुरूडकाम करीत आणि हरळय्या जोडे शिवीत. तेव्हा आपल्या धर्मात वस्तूचे सौंदर्य तिच्या किमतीवरून ठरत नाही, करणाऱ्याच्या सचोटीवरून ठरते. घासाघीस करून कारागिराची मजुरी कापायची आणि त्याच साडीवर हजारोंचा दागिना घालायचा, हा शृंगार दुसऱ्याला झिजवणारा आहे.

जेडर दासिमय्यांची आख्यायिका आपण जाणता. ते जातीचे विणकर. मोठ्या कष्टाने विणलेले वस्त्र विकायला निघाले असता वाटेत एका वृद्ध जंगमाने ते मागितले. त्यांनी दिले. जंगमाने त्यांच्या डोळ्यांदेखत ते फाडले, तरी दासिमय्यांचा चेहरा बदलला नाही. आपल्या अंगावरच्या वस्त्राला चहाचा डाग पडला तर आपण घर डोक्यावर घेतो! वस्त्र आपण नेसलो आहोत की वस्त्राने आपल्याला नेसले आहे, हे अशा वेळी कळते.

कोणी म्हणेल, अक्कमहादेवींनी तर वस्त्राचाच त्याग केला. खरे आहे. पण अनुभवमंटपात अल्लमप्रभूंनी त्यांना विचारले, वस्त्र सोडले तर मग केसांनी देह का झाकला? अक्कांच्या उत्तराचा आशय असा, की हे झाकणे माझ्या लज्जेसाठी नाही, पाहणाऱ्यांच्या मनाला पीडा होऊ नये म्हणून आहे. वैराग्याच्या शिखरावर उभ्या असलेल्या त्या माउलीनेही दुसऱ्याचा विचार सोडला नाही. आपल्या मुलींच्या कपड्यांवर टीका करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणि हवे ते घालण्याचा हट्ट धरणाऱ्या तरुणांनी, दोघांनीही हे उत्तर मनात घोळवावे. ते कोणाला धाक घालीत नाही. दुसऱ्याची काळजी घ्यायला शिकवते.

आता आपल्या दारातली गोष्ट. लग्नाचा बस्ता काढायला दोन्हीकडची मंडळी शहरात जातात. मानपानाच्या साड्या, आहेराचे कपडे, नवरदेवाची भाड्याची शेरवानी, त्यावर लग्नाआधीचे छायाचित्रण. मुलीच्या बापाने त्यासाठी कर्ज काढले तर ते फेडताना तो पाच-पाच वर्षे झिजतो. आणि इतक्या थाटात, फोटोत बरे दिसत नाही म्हणून इष्टलिंगाचा करंडक गळ्यातून काढून टेबलावर ठेवणारे वर आम्ही पाहिले आहेत. आभरणासाठी आवरण उतरवले! दीक्षेच्या वेळी गुरूने हातावर ठेवलेले लिंग देहापासून वेगळे करायचे नसते, हे त्या मुलाला कोणी सांगितले नसेल, तर दोष त्याचा एकट्याचा नाही. सांगणारे आपण कमी पडलो. शेरवानीच्या आत शिवदोरा सहज मावतो. तो कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाही.

सौंदर्याची आवड विकतच भागवावी लागते असेही नाही. माळव्यात पितृपक्षात मुली घराच्या भिंतीवर शेणाने 'संजा' काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी ती सजवतात, रोज नवी आकृती करतात आणि अखेरीस तिचे विसर्जन करतात. आपल्याकडच्या भुलाबाईची ती जवळची बहीण. शेण आणि पाकळी, याहून स्वस्त साहित्य कोणते? त्या कलेने कोणी कर्जबाजारी होत नाही आणि मुलींच्या बोटांत कला राहते. आपल्या अंगणातली रांगोळी, लिंगपूजेच्या चौरंगाभोवतीची फुलांची आरास, आजीने शिवलेली गोधडी यांना कमी लेखू नका.

सद्भक्तहो, तीन गोष्टी घरी पाळून पाहा. नवे वस्त्र अंगावर घालण्याआधी ते क्षणभर इष्टलिंगासमोर ठेवा. जे तिथे ठेवायला संकोच वाटेल ते घेऊच नका. बस्ता काढताना एक तरी वस्त्र हातमागाचे किंवा हाताने छापलेले घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. मानपानाच्या साड्या दोन्ही घरांनी मिळून निम्म्या करा आणि वाचलेल्या पैशातून एखाद्या गरजू मुलाच्या वह्यापुस्तकांचा दासोह करा. या तिन्हींनी कोणाची हौस मोडत नाही.

पुढच्या वेळी उज्जैनला जाल तेव्हा भस्म आरतीत शृंगार डोळे भरून पाहा, आणि राख उडेल तेव्हा डोळे मिटून गळ्यातल्या लिंगावर हात ठेवा. तो हात तिथे सापडला, की तुम्ही काय नेसला आहात हे विचारण्याचे कारण उरणार नाही.

आपणा सर्वांच्या घरी जपणारा शृंगार नांदो, हा आशीर्वाद. शरणु शरणार्थी.