अनोळखी माणसाशी भांडताना

पारावर राजकारणावरनं कितीही वाद झाला तरी जीभ आवरावी लागते. ज्याला आज तोडून बोलू, त्याच्याच विहिरीवरनं उद्या पाणी घ्यायचं असतं. मोबाईलवर तसा धाक नाही. समोरच्याचं ना तोंड दिसत, ना गाव कळत.

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. तेव्हा शहरातल्या कुणीतरी मला लिहिलं, "तुम्हाला नुसता भाव पाहिजे, आमच्या घरखर्चाचं काय?" शिवी अगदी बोटावर आली होती. ती गिळली आणि विचारलं, "तुमच्याकडं कांदा काय किलो?" त्यानं भाव सांगितला, पगार किती दिवस पुरतो तेही सांगितलं. मी रोपापासून काढणीपर्यंतचा खर्च लिहिला. मत त्याचं बदललं नाही, माझंही नाही. निर्यातबंदी अन्यायाचीच, असं मी आजही म्हणतो.

पण ज्याला परका म्हणावं, त्याच्याच ताटात माझा कांदा जातो. भाव पडला की मी मरतो, चढला की त्याला चटका बसतो. दोन्ही खरं आहे. म्हणून वाद सोडायचा नाही. फक्त शिवी दिली की तो माझा हिशोब वाचणारच नाही, मग तो मांडायचा तरी कुणापुढं?