ही रजा कोणाची?



दौंडला रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल, शिरूरला एसटीचा डेपो, दोन्हीकडे तहसील, पंचायत समिती. आपल्या भागातील कितीतरी चुली सरकारी पगारावर पेटतात. या नोकऱ्यांत इजाही होतात. यार्डात हात सापडतो, खांबावरून माणूस पडतो. प्लास्टर निघाल्यावर तो कामावर जातो. बैठे काम करण्यास हरकत नाही, असा डॉक्टरांचा कागद त्याच्या खिशात असतो. साहेब म्हणतात, "तुम्ही अजून घरीच आराम करा." आणि न मागता तो आजारपणाच्या रजेवर जातो.

हे बोलणे दयेचे वाटते, कधी कधी असतेही. पण हिशेब पाहा. आधी अर्जित रजा संपते, मग अर्धवेतनी, मग असाधारण, म्हणजे बिनपगारी. इजा कामावर झाली आणि तिची किंमत माणूस आपल्या रजेच्या खात्यातून भरतो आहे! कर्तव्यावर झालेल्या इजेसाठी नियमांत विशेष विकलांगता रजा आहे, ती या खात्यातून वजा होत नाही. पण ती मागायची असते, हे अनेकांना ठाऊक नसते. रजा हा कामगाराचा हक्क. तो त्याच्या वतीने दुसऱ्यानेच वापरून टाकला, तर त्याला हक्क म्हणायचे कसे?

साहेबांची बाजूही खोटी नाही. इंजिन चालवणाऱ्याची नजर अधू झाली, तर मागच्या डब्यांतील शेकडो जिवांचा प्रश्न असतो. त्याला इंजिनावरून उतरवलेच पाहिजे. परंतु इंजिनावरून उतरवणे वेगळे आणि कामावरून उतरवणे वेगळे. एक काम जमत नाही म्हणून माणूस निकामी ठरत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या 'लाबोरेम एक्झेरचेन्स' या परिपत्रकात अपंगांच्या कामाच्या हक्काचा मुद्दाम विचार केला आहे. त्यांच्या मते काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे.

आपला कायदाही हेच मानतो. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याचे कलम 47 आणि आता 2016 च्या कायद्याचे कलम 20 सांगते, की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने माणसाला काढू नये, खालच्या पदावर ढकलू नये. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे. तसे पद नसेल, तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. काही आस्थापनांना सरकार सूट देऊ शकते, तेवढा अपवाद.

आता कोणी म्हणेल, त्याने स्वतःच सही केली ना? पंजाब राज्य वीज मंडळातील भगवान दास यांची दृष्टी 1994 मध्ये गेली. मला निवृत्त करा व पत्नीला नोकरी द्या, असे त्यांनी मंडळाला लिहिले. मंडळाने पहिला अर्धा भाग तत्परतेने मान्य केला! सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती निवृत्ती रद्द केली. नोकरी राखण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्यांना माहीत नव्हते. ते सांगणे अधिकाऱ्यांचे काम होते, असे न्यायालयाने म्हटले. हक्काची माहितीच नसेल, तर सहीला संमती कसे म्हणणार?

ज्यांच्या घरी असा कागद सहीसाठी आला असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी तो मिस्सानंतर मला दाखवावा. कलम 20 ची प्रत कार्यालयात ठेवली आहे.