उन्हाळ्यापुरती घरे

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तपकिरी हेदर झुडपांच्या उतारावर मध्येच एखादा लख्ख हिरवा तुकडा दिसतो. जवळ ओहोळ असतो, गवतात काही लांबट उंचवटे, दगडांची बुटकी रांग. हे शीलिंग, म्हणजे उन्हाळ्यात गुरे वर नेणाऱ्यांच्या झोपड्यांचे अवशेष. पिढ्यान् पिढ्या पडलेल्या शेणामुताने जमीन कसदार झाली. माणसे जाऊन कितीतरी वर्षे उलटली, तरी तिथे आजही गवतच वाढते.

खाली गावच्या शेतात ओट आणि बार्ली उभी असायची. पीक राखायचे आणि वरचा चाराही वापरायचा, म्हणून बायका, मुली आणि पोरे गुरांबरोबर वर मुक्काम करत, धारा काढत, लोणी नि चीज करत. परतताना सामान खाली येई. त्यामुळे उत्खननात फारसे काही सापडत नाही: चुलीची राख, थोडी खापरे.

वस्तूंवरून वस्तीचे मोल ठरवण्याची सवय इथे तोकडी पडते. जे सगळे आवरून गेले आणि ज्यांचे काम दुधाचे होते, त्यांचा माग मातीत आणि गवतात काढावा लागतो. पुण्याच्या परिसरात इतिहासकार दामोदर कोसंबींनी धनगरांच्या वाटा, देवांची ठाणी आणि सूक्ष्म दगडी हत्यारे पायी फिरून एकत्र वाचली होती. मला तीच रीत इथेही खरी वाटते.

स्कॉटलंडच्या जमीनमालकांना मात्र ही उन्हाळी वस्ती ठाऊक होती. टे सरोवराच्या उत्तर काठाची १७६९ ची मोजणी या उन्हाळी कुरणांचीही नोंद करते. तरीही पुढे हायलँडमध्ये, म्हणजे या डोंगराळ भागात, डोंगर मोठ्या मेंढीपालकांना भाड्याने गेले आणि बहुतेक ठिकाणी वर जाणे संपले. माहितीचा अभाव हे कारण नव्हते. वर्षातून काही महिनेच वर राबणाऱ्यांचा हक्क हा हक्क मानला गेला नाही, आणि मला हा उघड अन्याय वाटतो.

स्कॉटलंडच्याच लुइस बेटावर ही प्रथा विसाव्या शतकातही टिकली. त्याच बेटाच्या माळावर १८१ पवनचक्क्या उभारायचा प्रस्ताव आला, तेव्हा माळ ओसाड आहे की नाही यावर वाद झाला. २००८ मध्ये सरकारने प्रस्ताव नाकारला. मुख्य कारण होते पक्ष्यांचा अधिवास. पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण होते. तिथे उन्हाळे काढलेल्या माणसांच्या आठवणींना तसे बळ नव्हते.