गव्हाणीतली काडी कोणाची?



आगमनकाळ सुरू झाला, की आपल्या धर्मग्रामातील लहान मुलांच्या घरी कात्री, घोटीव कागद आणि डिंक यांचे राज्य सुरू होते. बालवाडीतील मुले चांदण्या कापतात, कापूस चिकटवून मेंढरे करतात, मातीचे उंट करतात. ते उंट पुष्कळदा म्हशीसारखे दिसतात, पण करणाऱ्याला ते उंटच वाटतात. हा सारा बालखेळ आहे, त्यात तत्त्वज्ञान कसले, असे आपल्याला वाटेल. मलाही त्यावर लिहायचे नव्हते. पण एका मातेने धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर असा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर दोन वाक्यांत देणे योग्य झाले नसते.

आगमनकाळातील एक जुनी कॅथलिक प्रथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. घरात एक छोटी, रिकामी गव्हाण ठेवायची. मुलाने एखादे चांगले काम केले, की त्याने तिच्यात पेंढ्याची एक काडी ठेवायची. नाताळच्या रात्रीपर्यंत बाळ येशूसाठी मऊ बिछाना तयार होतो. आपल्या वसईत भातकापणी नुकतीच आटोपलेली असते, त्यामुळे पेंढ्याला तोटा नाही. या मातेनेही घरी अशी गव्हाण ठेवली होती. ती म्हणाली, "फादर, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो आजीला पाणी नेऊन देतो आणि पेला खाली ठेवायच्या आधीच 'मम्मी, काडी दे' म्हणून हात पुढे करतो. परवा आजीला तहान नसताना त्याने तिला तीनदा पाणी प्यायला लावले. हे चांगले काम झाले का?"

आपण हसतो, पण प्रश्न खरा आहे. काडीसाठी केलेला चांगुलपणा हा चांगुलपणा असतो का?

प्रथम विरुद्ध बाजू पाहू. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1785 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार कोणालाच फसवत नाही. लहान मूल आले, तरी त्याच्याकडून तो जास्त पैसे घेत नाही. पण हे तो प्रामाणिकपणाच्या कर्तव्यापोटी करतो, की धंद्यात नाव राहावे म्हणून करतो? कांट म्हणतो, स्वतःच्या फायद्यासाठी केलेले काम वरून योग्य दिसले, तरी त्याला नैतिक मोल नाही. त्या मापाने आमच्या छोट्या मित्राचे तीन पेले पाणी वाया गेले. आणि कांटपर्यंत तरी कशाला जावे? प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात ताकीद दिली आहे, की दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये. इथे तर दोन्ही हातांना कळते आणि वर काडीही मोजली जाते.

आधुनिक मानसशास्त्रही या बाजूने काही सांगते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेल्या मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले, की चित्र काढाल तर छान प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच प्रमाणपत्र अचानक दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. काही दिवसांनी वर्गात रंग पुन्हा मांडून ठेवले, तेव्हा पहिल्या गटातील मुले इतर दोन गटांच्या मानाने त्यांच्याकडे बरीच कमी वळली. जे काम ती आनंदाने करत होती, ते बक्षिसाच्या करारामुळे मजुरीचे काम झाले. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचा आनंद मात्र कमी झाला नाही. हा फरक ध्यानात ठेवा, त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता दुसरी बाजू. कांटच्या कितीतरी शतके आधी ॲरिस्टॉटलने सांगितले, की घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, आणि तसाच न्यायाची कामे करून न्यायी होतो. सद्गुण आधी कळतो आणि मग अंगी येतो असे नाही. आधी हात वळतो, मग मन वळते. आपणही असेच वाढलो. खुणेचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी आईने आपला हात धरून क्रुसाची खूण करायला शिकवली. त्या वेळी आपल्याला त्रैक्याचे रहस्य समजत होते का? आईने तो अर्थ कळण्याची वाट पाहिली असती, तर आपण आजही वाटच पाहत राहिलो असतो.

ख्रिस्तसभेनेही लहानांच्या बाबतीत हे शहाणपण राखले आहे. धर्मनियम संहितेच्या 97 व्या नियमानुसार सात वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला विवेकबुद्धी आली असे गृहीत धरले जाते. त्याआधी नाही. म्हणून साडेचार वर्षांच्या मुलाला कांटच्या न्यायालयात उभे करणे हाच मुळात अन्याय आहे. त्याचा हेतू शुद्ध की अशुद्ध हे तपासायचे नसते. त्याच्या हाताला वळण कोणते लागत आहे, एवढेच पाहायचे असते.

पण इथेच मोठ्यांची जबाबदारी वाढते, कारण वळण दोन प्रकारचे लागू शकते. "दुसऱ्याला तहान लागते, आणि मी पाणी देऊ शकतो," हे एक वळण. "मी काही केले, की मला काही मिळाले पाहिजे," हे दुसरे. पेला तोच, पाणी तेच, काडीही तीच. मग फरक कशात आहे? माझ्या मते काडी कोणाची आहे, यात आहे.

काडी मुलाची असेल, तर ती मजुरी आहे. काडी बाळ येशूची असेल, तर ती भेट आहे. प्रथेचा मूळ अर्थ दुसरा आहे. मुलाने ती आपल्या खिशात घालायची नाही, ज्याला निजायला जागा नव्हती त्याला द्यायची. लूकच्या शुभवर्तमानात जन्माच्या प्रसंगी गव्हाणीचा उल्लेख तीनदा येतो. पेंढ्याचा मात्र तिथे शब्दही नाही. पेंढा आणला तो भाविकांच्या मायेने. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने नाताळचा देखावा केला, तेव्हा त्यात मूर्ती नव्हत्या. गवत भरलेली खरी गव्हाण होती, बैल आणि गाढव होते, आणि तिथेच पवित्र मिस्सा झाला. 2019 साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गोठ्याच्या प्रथेवरील आपल्या पत्रावर सही केली आणि घराघरांत ही प्रथा जपण्याचे आवाहन केले. म्हणजे आपल्या बाजारातल्या रंगीत मूर्तींपेक्षा पेंढ्याचा मान जुना आहे.

काड्या मोजण्याबद्दल मला एका संतस्त्रीची आठवण होते. लिझ्यूची संत तेरेजा चार वर्षांची असताना तिच्या बहिणीने तिला मणी सरकवता येतील अशी एक माळ दिली होती. एखादा छोटा त्याग केला, की एक मणी ओढायचा. तिची आई झेली हिने पत्रात लिहिले आहे, की तेरेजाचा हात दिवसातून शंभरदा खिशात जाई. झेली ही आईही 2015 साली पतीसह संतपदाला पोहोचली. म्हणजे मोजणारी मुलगी संत झाली आणि मोजू देणारी आईही संत झाली. मग मोजणे वाईट कसे म्हणावे? पण पुढचे ऐका. हीच तेरेजा 1895 साली, बाविसाव्या वर्षी, देवाला केलेल्या आत्मार्पणाच्या प्रार्थनेत म्हणते, की आयुष्याच्या संध्याकाळी मी रिकाम्या हातांनी तुझ्यासमोर येईन, माझी कामे मोजावीत असे मी तुला सांगत नाही. लहानपणी मणी ओढून तिचा हात प्रेमाला वळला, आणि मोठेपणी तिने मणी सोडून दिले. चालायला शिकणारे मूल भिंत धरते, त्यात काही गैर नाही. आयुष्यभर भिंत धरून चालणे गैर आहे.

या प्रथेत मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. मूल दंगा करू लागले, की रागाच्या भरात काही घरांत म्हटले जाते, "असा वागलास तर बाळ येशू येणार नाही." काही जण घातलेली काडी काढूनही घेतात. बंधू-भगिनींनो, हे कृपया करू नका. लहान मुलाला विनोद आणि धर्मशिक्षण यांतला फरक पुष्कळदा कळत नाही. तुमचे ते वाक्य त्याच्या मनात श्रद्धेचा भाग होऊन बसते. आणि ती श्रद्धा खोटी आहे. आपली गव्हाण भरली म्हणून प्रभू आला नाही. संत पौल रोमकरांना सांगतो, की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. बेथलेहेमला त्याच्यासाठी जागा नव्हती, तरी तो आला. प्रेम कमवावे लागते असे ज्या मुलाला लहानपणी शिकवले जाते, ते मोठेपणी पापनिवेदनाला येते तेव्हाही त्याला क्षमेवर विश्वास ठेवता येत नाही. असे कितीतरी चांगले लोक मी पाहतो. त्यांच्या गव्हाणी भरलेल्या असतात आणि मन रिकामे असते.

म्हणून ही प्रथा बंद करू नका, पण पुढील गोष्टी सांभाळा.

घरात गव्हाण एकच असू द्या, प्रत्येक मुलाची वेगळी नको. काडी कामानंतर लगेच देऊ नका. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी सर्वांनी मिळून घाला. वडिलांनी आणि आजोबांनीही घाला. मोठी माणसे काडी घालताना मुलाने पाहिली, की चांगुलपणा हे फक्त लहानांवर लादलेले काम नाही हे त्याला न सांगता कळते. मुलाला "तू आज काय केलेस?" असे विचारण्यापेक्षा "आज तुझ्याशी कोण चांगले वागले?" असे विचारा आणि त्या माणसाच्या नावाने काडी घालायला सांगा. त्या प्रयोगातील अचानक बक्षिसाची गोष्ट आठवा. कौतुक जरूर करा, पण त्याचा आधी करार करू नका. आणि घातलेली काडी कधीही काढू नका. नाताळच्या रात्री बाळ येशूला निजवाल, तेव्हा कोणती काडी कोणाची हे कोणालाच सांगता येणार नाही. तसेच ते असले पाहिजे.

याच विचाराने एक निर्णय घेतला आहे, तो इथेच सांगतो. आपल्या गोठा स्पर्धेत बालवाडीचा गट असतो. त्या गटातील गोठे दरवर्षी अधिकाधिक सुबक होत आहेत, आणि चार वर्षांच्या मुलाची बोटे एवढी सरळ कापू शकत नाहीत हे आपण सर्व जाणतो. पालकांचा उत्साह मी समजू शकतो. स्पर्धेमुळे वडील कामावरून लवकर घरी येतात, शेजारी एकत्र बसतात, हे चांगलेच आहे. पण संत थॉमस अक्वायनस यांनी वस्तू घडवणे आणि आचरण करणे यांत भेद केला आहे. वस्तू घडवताना वस्तू कशी झाली ते पाहायचे. आचरणात माणूस कसा झाला ते पाहायचे. मोठ्यांच्या गोठ्याला पहिला नियम लावा, हरकत नाही. बालवाडीतल्या मुलाला दुसराच लागतो. वडिलांनी केलेल्या गोठ्यावर मुलाचे नाव लिहिले, तर आपण त्याला दोन गोष्टी शिकवतो. एक म्हणजे त्याचे वाकडे काम चालणार नाही. दुसरी म्हणजे खोटे नाव चालेल. तेही प्रभूच्या जन्माच्या निमित्ताने.

तेव्हा यंदा बालवाडीच्या गटात क्रमांक नाहीत. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मुलांनी चर्चच्या सभागृहात यावे. प्रत्येकाने एक करवंटी, मूठभर माती आणि चमचाभर नाचणी आणावी. नाचणी पेरून रोज थोडे पाणी शिंपडले, की चार-पाच दिवसांत कोंब दिसू लागतात आणि नाताळपर्यंत गोठ्याभोवती हिरवे शेत तयार होते. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे, हे मुलाला प्रवचनापेक्षा नाचणी चांगले शिकवेल. मेंढरे आणि मेंढपाळ चिकणमातीचे करू. कणकेचेही होतात, पण धान्याशी खेळू नये असे आजी सांगतील आणि ते बरोबर आहे. छोटे मणी आणि टिकल्या नकोत, कारण ती तोंडात जातात. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात 2018 पासूनच बंदी आहे. पालकांनी शेजारी बसावे, कात्री धरायला मदत करावी, पण मुलाचा उंट दुरुस्त करू नये. सर्व मुलांची कामे वेदीजवळच्या गोठ्यात ठेवली जातील, वाकडी असतील तशीच.

त्या मातेला मी एवढेच सुचवले, की आज रात्री आजीनेच नातवाच्या नावाने एक काडी घालावी आणि दुसरी काडी मुलाला आजीच्या नावाने घालू द्यावी. तुम्हीही आपल्या घरी असे करून पाहा. बाळ येशू तुमच्या घरातील लहान-थोरांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
धर्मगुरू