खेळातला वैरी

करमणुकीसाठी केलेला वध हा वध ठरतो काय? प्रश्न नवा नाही. बुद्धिबळाच्या पटावर प्यादी मारली जातात, हुतूतूच्या मैदानात गडी 'मरतो', आणि याबद्दल कोणी पापनिवेदनाला गेल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. परंतु जेथे बंदूक आपल्याच हातात असल्याचा भास होतो, समोरून येणाऱ्या आकृतीवर आपण स्वतः नेम धरतो, आणि ती रक्तबंबाळ होऊन कोसळली म्हणजे मनाला उभारी वाटते, तेथे हा प्रश्न इतक्या सहजपणे बाजूला सारता येत नाही.

असा एक खेळ म्हणजे 'डूम'. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या इड सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने तो 10 डिसेंबर 1993 रोजी प्रसिद्ध केला. पहिला भाग फुकट होता आणि त्याच्या प्रती काढून वाटण्यास कंपनीचीच मुभा होती. पुढील भागांसाठी पैसे मोजावे लागत. आपल्याकडे तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत गावोगाव पोहोचला. पुढील भागही तसेच फिरले, आणि ती मात्र उघड उघड चोरी होती. तेव्हाची शाळकरी मुले आता चाळिशी ओलांडलेली आहेत. त्यांतील काहींना आज तोच खेळ पुन्हा खेळावासा वाटतो, आणि तोही त्या काळच्याच संगणकावर.

आमच्या जालना जिल्ह्यात हा हट्ट पुरवणे म्हणजे वाहत्या पुरात उलटे पोहणे होय. जालना शहर जसे बियाण्यांसाठी तसे लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध. येथील भट्ट्यांत भंगार वितळते. जुन्या संगणकाचा पत्रा भंगारवाल्याच्या काट्यावर चढला की त्याची पुढची वाट ठरलेलीच. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थाने त्या वाटेवरून एक 486 जातीचा संगणक माघारी आणला आहे. जाडजूड काचेचा पडदा, पिवळट पडलेला कीबोर्ड, आणि सुरू होताना होणारी ती घरघर. हे सर्व कशासाठी, असे आम्ही त्यांस विचारले. कारण खेळाची मूळ आज्ञावली कंपनीने 1997 सालीच सर्वांसाठी खुली केल्यामुळे तो आता खिशातल्या फोनवरही चालतो. त्यांचे उत्तर मार्मिक होते. नव्या यंत्रावर खेळ चालतो, पण त्याची अडचण चालत नाही, असे ते म्हणाले.

या अडचणीकडे जरा लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. पडदा अवघा 320 गुणिले 200 ठिपक्यांचा. खेळाडूला मान वर करून पाहता येत नाही की खाली वाकून पाहता येत नाही. एका दालनावर दुसरे दालन रचता येत नाही; माडीचे घर त्या जगात बांधणे अशक्य. जवळ गेले की राक्षसाचे तोंड म्हणजे विटांसारखे रंगीत चौकोन. त्या काळी ही मर्यादा वाटली असेल. आज तिचा एक उपकार आम्हांस दिसतो. ते चित्र स्वतःच सांगत राहते की मी चित्र आहे. आजचे खेळ हे सांगणे टाळण्यासाठीच कोट्यवधी रुपये खर्च करतात.

तरीदेखील, जुना आहे म्हणून तो निरुपद्रवी, असे म्हणून सुटका नाही. पडद्याच्या तळाशी खेळाडूचा स्वतःचा चेहरा दिसतो. जखमा होतील तसा तो रक्ताने माखत जातो, आणि नवे शस्त्र हाती आले की दात दाखवून हसतो. त्याची वेदना अशी सतत नजरेसमोर असते. समोरच्याची तशी नसते. त्यातून एक विलक्षण गोष्ट अशी की, जिवंत वैऱ्याची चित्रे आठ बाजूंनी काढलेली आहेत, पण मेलेल्याचे चित्र एकाच बाजूचे. त्यामुळे प्रेताभोवती कितीही फिरा, ते आपले त्याच अंगाने दिसत राहते. यंत्राच्या काटकसरीतून आलेली ही गोष्ट. रचणाऱ्यांच्या मनात काही तत्त्वचिंतन असेल असे आम्ही समजत नाही. पण एकदा ध्यानात आली की ती विसरता येत नाही.

या खेळातील बरेच टप्पे रचणारे सँडी पीटरसन हे मॉर्मन पंथाचे श्रद्धावान अनुयायी. नरकातील पिशाच्चांच्या सहवासात काम करताना मन कचरत नाही काय, असे विचारले असता, ती नुसती चित्रे आहेत आणि शिवाय ती दुष्टांचीच बाजू आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. उत्तर प्रामाणिक आहे. सैतानाशी झुंजावे की नाही याविषयी आपल्यालाही शंका नाही.

शंका येते ती पहिल्याच टप्प्यात. तेथे समोर येणारे पहिले वैरी सैतान नसतातच. ते नायकाचेच सहकारी शिपाई असतात. पिशाच्चाने पछाडलेले, एके काळची माणसे. खेळ हे लपवत नाही, पण त्यांच्यासाठी गोळीवाचून दुसरा उपायही ठेवत नाही. मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात थडग्यांत राहणारा भूतग्रस्त मनुष्य येतो. त्याला नाव विचारले तर तो 'सैन्य' असे सांगतो. प्रभू येशू सैन्य आणि मनुष्य यांची ताटातूट करतो. सैन्य समुद्रात जाते आणि मनुष्य अंगावर वस्त्रे घेऊन शुद्धीवर बसलेला लोकांना दिसतो. ही ताटातूट करण्याची कळ त्या पिवळट कीबोर्डावर कोठेही नाही. आमच्या मते या खेळातील नैतिक अडचण रक्तात नाही, येथे आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या सहाव्या ग्रंथात अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. मित्रांनी त्याला बळेच रोमच्या द्वंद्वक्रीडेला नेले. तो डोळे मिटून बसला. जमावाने आरोळी ठोकली, त्याने डोळे उघडले, आणि तो रक्ताच्या दृश्याने धुंद झाला. तेथे खरी माणसे मरत होती, येथे ठिपके विझतात; हा भेद लहान नव्हे. पण ऑगस्टीन यांचे बोट मरणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याच्या अंतरंगाकडे वळलेले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी मनाला विसावा म्हणून खेळाची गरज मान्य केली आणि खेळातही सद्गुण असतो असे म्हटले, ते आम्हांस पटते. दिवसभर कचेरीत राबून आलेला मनुष्य रात्री अर्धा तास जुन्या पडद्यासमोर बसला तर त्याला पापी ठरवण्याची आमची तयारी नाही. मात्र विसावा घेऊन उठलेले मन कसे आहे, हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे.

खेळ आणि कवायत यांतील भिंत किती पातळ आहे, याचे उदाहरण लवकरच मिळाले. 1996 साली अमेरिकेच्या मरीन दलाने 'डूम'च्या दुसऱ्या भागात फेरफार करून तो चौघा-चौघांच्या तुकड्यांच्या सरावासाठी वापरला. राक्षस काढून टाकले आणि त्या जागी मनुष्य शत्रू घातले. बाकी यंत्रणा तीच. राक्षसाच्या जागी माणूस ठेवायला एवढेच करावे लागले. पुढे 20 एप्रिल 1999 रोजी कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी हत्याकांड केले; ते हा खेळ खेळत असत, म्हणून सारा दोष त्याच्या माथी मारण्यात आला. तो निष्कर्ष उतावीळ होता. लाखो मुले खेळली आणि त्यांनी मुंगीही मारली नाही. पण मुंगी मारली नाही म्हणजे मनावर काहीच उमटले नाही, हाही उतावीळपणाच. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 सालच्या संदेशात करमणुकीच्या नावाखाली हिंसेचा गौरव करणाऱ्या व्हिडिओ खेळांचा निषेध केला. आईबापांनी त्यातील 'गौरव' या शब्दापाशी थांबावे. मुलाच्या खेळात वैरी कोण आहे, तो कोणत्या देशाचा, कोणत्या पोशाखाचा, कोणत्या धर्माचा दाखवला आहे, एवढे पाहण्यासाठी शेजारी पाऊण तास बसले तरी पुरे. किंकाळ्या ऐकून दार लावून घेण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे.

वैऱ्याच्या जागी माणूस ठेवणारे खेळ संगणकाच्याही आधीचे आहेत, आणि त्यांतील एकाचा पट आमच्याच जिल्ह्याचा आहे. भोकरदन-जाफराबादच्या परिसरात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली याची गाठ पडली. पुढे वॉटर्लू जिंकलेला हाच सेनापती उतारवयातही असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानत असे. शिशाचे इवले शिपाई मांडून, फासे टाकून गाजलेल्या लढाया पुन्हा लढण्याचा छंद इंग्लंडात जुना आहे, आणि असई ही त्या छंदिष्टांची आवडती लढाई. निळ्या पट्ट्यांची केळणा टेबलावर काढायची, मातीच्या घरांचे गाव मांडायचे, आणि आपले आजे-पणजे एका फाशात पटावरून उचलायचे. ते सज्जन लोक आहेत, कोणाचे वाईट चिंतीत नाहीत. तरीही हे वाचताना आम्ही जरा सावरून बसलो. मारणाऱ्याच्या बाजूने खेळ पाहण्याची सवय जडलेल्या माणसाला पटावरून उचलल्या जाणाऱ्याच्या बाजूने तो क्वचितच दिसतो.

आणि त्या दिवशी वैरी तरी कोण होता? कंपनीच्या पलटणींत देशी शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि शिंद्यांच्या कवायती पायदळाचा नायक पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. 'डूम'चा प्रत्येक टप्पा संपला की मारलेल्यांची टक्केवारी पडद्यावर अचूक उमटते. असईत वेलस्लीच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक मेले वा जखमी झाले, याची मोजदाद त्याच्या दफ्तराने ठेवली. शिंदे-भोसल्यांच्या बाजूने किती पडले, याचे आकडे मात्र अंदाजाचे आहेत, आणि तो अंदाजही जिंकणाऱ्यांचा आहे.